‘स्वेच्छेने’ या एका शब्दाबद्दल: विमा नियामकांना खुले पत्र

मा. अध्यक्ष व सदस्य,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद

स. न. वि. वि.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी माझ्या कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची एक मीटिंग येऊन पडली. विषयाच्या जागी एकच शब्द होता, ‘कनेक्ट’. हिंजवडीत सोळा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढलेल्या बाईला त्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. पलीकडच्या डेस्कवरच्या मुलीला माझा स्क्रीन दिसत होता. ती काही बोलली नाही, तिने फक्त तिचा डबा उघडून माझ्यासमोर ठेवला. साडेअकराला कोण डबा खातं? मी खाल्ला. साबुदाण्याची खिचडी होती, तिचा उपास होता.

मीटिंगमध्ये एचआरची पंचविशीतली एक मुलगी होती. आवाज तिचाच कापत होता. माझा रोल आता राहिलेला नाही, असं सांगून तिने चॅटमध्ये चार ओळी पेस्ट केल्या. त्या ओळी मी माझ्या मेलवरून, माझ्या नावाने, पाचच्या आत पाठवायच्या होत्या. मजकूर इंग्रजीत होता, त्याचा मराठीत अर्थ असा की वैयक्तिक कारणांमुळे मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे. पाठवला तर दोन महिन्यांचा पगार आणि स्वच्छ रिलीव्हिंग लेटर. नाही पाठवला तर टर्मिनेशन, आणि मग पुढच्या कंपनीने चौकशी केली तर तिला काय कळवलं जाईल, हे तिला सांगता येत नव्हतं. मी चार चाळीसला पाठवला. आमच्याकडे याला ‘पेपर टाकणं’ म्हणतात. या वेळी पेपर त्यांनीच लिहून दिला होता, मी फक्त टाकला.

यात आपला काय संबंध, असं आपल्याला वाटेल. संबंध आहे, कारण माझ्याकडे नोकरी गेल्याचा विमा होता.

२०२१ साली पिंपळे सौदागरला फ्लॅट घेताना आम्ही ४८ लाखांचं कर्ज काढलं. सह्यांचा दिवस कसा असतो हे कर्ज काढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. समोर गठ्ठा, जिथे पेन्सिलीची फुली असेल तिथे सही, आणि बाहेर बिल्डरचा माणूस दर दहा मिनिटांनी फोन करतोय. त्या गठ्ठ्यात एक फॉर्म कर्जाचा नव्हता. टेबलापलीकडच्या मुलाने सांगितलं, “मॅडम, हे प्रोटेक्शन आहे. अपघात, गंभीर आजार आणि जॉब लॉस. नोकरी गेली तर तीन हप्ते विमा कंपनी भरणार. सगळेच घेतात.” प्रीमियम ५४,००० रुपये, एकरकमी, पण खिशातून काढायचा नाही, कर्जातच मिळवायचा. हप्त्यात फरक पडणार महिन्याला चारशे-सव्वाचारशे रुपयांचा. चारशे रुपयांत निर्धास्त झोप मिळत असेल तर कोण नाही म्हणेल? करोनाचं दुसरं वर्ष होतं ते.

हिशेब मी मांडला तो नोकरी गेल्यावर, तेव्हा हातात वेळच वेळ होता. संरक्षण पाच वर्षांचं, पैसे फेडायचे मात्र वीस वर्षं. त्या वेळच्या व्याजदराने धरलं तरी ५४ हजारांचे साधारण ९८ हजार होतात. कव्हर या वर्षी संपेल आणि संपलेल्या कव्हरचे पैसे मी २०४१पर्यंत देत राहीन. त्या पॉलिसीत अपघात आणि गंभीर आजारही होता, त्यामुळे सगळी रक्कम जॉब लॉसच्या नावावर मांडणं बरोबर होणार नाही. पण टेबलावर आवाज चढवून सांगितला गेला तो जॉब लॉसच.

दावा नामंजूर झाल्याचं पत्र चौदाव्या दिवशी आलं. तोवर पॉलिसी मी उघडलीही नव्हती. ती मेलवर पीडीएफ होऊन आली होती आणि मेलमध्येच राहिली होती, ही चूक माझी. आता उघडली. ३८ पानांची इंग्रजी पॉलिसी, आणि २७व्या पानावर नोकरी जाण्याची व्याख्या. मालकाने लेखी काढून टाकलं किंवा कामगारकपात केली तर नोकरी गेली असं धरायचं. राजीनामा दिला तर नाही. स्वेच्छानिवृत्ती घेतली तर नाही. काम समाधानकारक नाही म्हणून काढलं तर नाही. प्रोबेशनवर असाल तर नाही, कंत्राटावर असाल तर नाही. आणि यातल्या एकाही ‘नाही’त न सापडता तुम्ही घरी बसलात, तरी पहिले ३० दिवस बेरोजगार राहिल्याशिवाय काही मिळायचं नाही.

आता हिंजवडीत, खराडीत, मगरपट्ट्यात माणसं घरी कशी बसतात ते सांगते, कारण ही व्याख्या लिहिणारा तिथे कधी फिरकलेला दिसत नाही. एक मार्ग मी सांगितला, सांगून घेतलेला राजीनामा. दुसरा पीआयपीचा. वर्षभर चांगलं रेटिंग मिळालेल्या माणसाला अचानक ‘सुधारणा कार्यक्रमा’वर टाकतात, साठ दिवसांची अशी उद्दिष्टं देतात की ती देणाऱ्यालाही गाठता येऊ नयेत, आणि मग असमाधानकारक काम म्हणून दार दाखवतात. तिसरा बेंचचा. प्रोजेक्ट संपला, नवा मिळत नाही, ठरावीक दिवस उलटले की पुन्हा तोच राजीनामा. तिन्ही मार्ग २७व्या पानावर बंद आहेत. ज्या चौथ्या मार्गाने गेलं तर विमा मिळतो, तो म्हणजे कंपनीने लेटरहेडवर ‘आम्ही तुमची कपात करत आहोत’ असं लिहून देणं. सोळा वर्षांत असं पत्र मिळालेला एकही माणूस मी पाहिलेला नाही.

कंपन्या तसं लिहून देत नाहीत याचं कारण कायद्यात आहे. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली झालेल्या दुरुस्तीपासून कपातीला एक महिन्याची नोटीस आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार अशी भरपाई ठरलेली आहे. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही ती ठेवली, वर पुनर्कौशल्य निधीत आणखी पंधरा दिवसांच्या वेतनाची भर घातली. या कायद्यात सॉफ्टवेअरवाला ‘कामगार’ ठरतो की नाही, यावर वकील भांडत बसतात. कंपनी मात्र त्या भांडणाच्या वाटेलाच जात नाही. राजीनामा घेतला की कपात झालीच नाही, आणि कपात झाली नाही तर भरपाईही नाही, सरकारला कळवणंही नाही. म्हणजे ज्या एका शब्दाने मालकाचे पैसे वाचतात, त्याच शब्दाने विमा कंपनीचेही वाचतात. दोघांनी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. ठरवायची गरजच पडली नाही.

हा शब्द आमच्या घरात दुसऱ्यांदा आला. माझे बाबा भोसरीत मशीन शॉपला होते. २००१ साली त्यांच्या कंपनीच्या गेटवर टेबलं मांडली गेली आणि टेबलावर फॉर्म ठेवले गेले. फॉर्मचं शीर्षक होतं, ‘स्वेच्छानिवृत्ती योजना’. बाबांना तेव्हा ४९वं वर्ष होतं. निवृत्त व्हायची इच्छा त्यांना पुढची दहा वर्षं झाली नाही, ते शेजाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये लेथवर जात राहिले. पण निदान त्यांच्या ‘स्वेच्छे’ला किंमत होती. हातात एक चेक पडला, त्यातून ताईचं लग्न झालं. माझ्या ‘स्वेच्छे’ने माझा विमा मारला. राजीनाम्याचं मी सांगितल्यावर बाबांनी एवढंच विचारलं, “फॉर्म त्यांचाच होता ना?”

आता दुसरी गोष्ट. तिच्यात मी विमा कंपनीच्या बाजूने बोलणार आहे, म्हणून ती नीट ऐका.

जुलै २०२५मध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या आयटी कंपनीने आपली दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. माझी कंपनी ती नव्हे. पण त्या आठवड्यापासून आमच्या कँटीनमध्ये दुसरा विषय नव्हता. कुणाचा प्रोजेक्ट गेला, कुठल्या मजल्यावरचे किती ‘रिलीज’ झाले, कुणाचं कार्ड सकाळी गेटवर चाललं नाही. ऑगस्टमध्ये मी आणखी एक पॉलिसी घ्यायला बसले. रात्री अकरा वाजता, लॅपटॉपवर. घरच्या पॉलिसीतले तीन हप्ते पुरणार नाहीत म्हणून हे दुसरं, पगाराच्या काही टक्के रक्कम तीन महिने देणारं. नाव भरलं, पॅन भरला, मग प्रश्न आला: तुमच्या कंपनीत कपात होण्याची शक्यता आहे, असं समजण्यास जागा देणारी कोणतीही बाब तुम्हाला माहीत आहे काय?

मी बराच वेळ त्या प्रश्नाकडे बघत बसले. माहीत म्हणजे काय? अधिकृतपणे काहीच माहीत नव्हतं. आणि तसं पाहिलं तर सगळ्या मजल्याला सगळं माहीत होतं. मदत केंद्राला फोन लावला. तिकडचा मुलगा अगदी प्रेमाने म्हणाला, “मॅडम, ‘नाही’वर टिक करा ना. सगळे तेच करतात.” सगळे काय काय करतात याची एक यादी या धंद्यात कुठेतरी असावी. मी ‘हो’वर टिक केली, आणि ‘पुढे’ हे बटण राखाडी झालं. ते परत निळं झालं नाही.

मी ‘नाही’ टिकलं असतं तर पॉलिसी हातात आली असती, प्रीमियम गेला असता, आणि दाव्याच्या वेळी ऑगस्टमधल्या बातम्यांची कात्रणं काढून त्यांनी म्हटलं असतं की तुम्हाला माहीत होतं, तुम्ही लपवलंत. आणि त्यांचं चुकलं नसतं. विमा हा विश्वासाचा करार आहे, माहीत असलेली गोष्ट सांगायची असते. शिवाय धूर दिसायला लागल्यावर आगीचा विमा विकायला कुणी बसलं तर ते दुकान महिन्यात बंद होईल. ज्यांच्या नोकरीवर गदा येणार आहे तेच फक्त येतील, मग पैसे द्यायचे कुठून? म्हणून प्रश्न विचारतात, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे किंवा महिने दावा घेत नाहीत. हे मला पटतं. तहान लागल्यावर विहीर खणायला गेले, पाणी लागलं नाही, माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती पहिल्या विहिरीबद्दल. ती मी २०२१ साली खणली होती, धुराचा मागमूस नसताना. चार वर्षं पैसे भरले, एकही प्रश्न लपवला नाही. उशिरा गेलेल्याला प्रश्न आडवा येतो हे योग्य. पण वेळेत गेलेल्याला व्याख्या आडवी येत असेल, तर मग हे कव्हर नक्की कुणासाठी आहे? पंचेचाळीस हजार ते दीड लाख पगाराच्या, गृहकर्ज असलेल्या, कायम नोकरीतल्या माणसासाठी ते विकलं जातं. त्याच माणसाची नोकरी राजीनाम्याच्या वाटेने जाते. कमी पगाराच्या कामगाराला निदान कर्मचारी राज्य विमा महामंडळाची २०१८ची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना तरी आहे, आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त नव्वद दिवस. तिथे एकवीस हजारांची वेतनमर्यादा. आमच्यासाठी तेही दार नाही, म्हणून तर बँकेच्या टेबलावर ते चारशे रुपये आम्हाला स्वस्त वाटतात.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. ब्रिटनमध्ये कर्जाबरोबर असाच विमा, आजार-अपघात-बेकारीचा, लाखो लोकांच्या गळ्यात मारला गेला होता. त्यात दावा करताच येणार नाही अशीही माणसं होती, स्वतःचा धंदा करणारी, आधीपासून आजारी असलेली. बँका २०११ साली न्यायालयात हरल्या. पुढे तक्रारी करायला २९ ऑगस्ट २०१९ ही अखेरची तारीख ठरवावी लागली, आणि तोवर आणि त्यानंतर मिळून ३८ अब्ज पौंडांच्या वर रक्कम लोकांना परत गेली. त्या परताव्याच्या रकमेपेक्षा मला तिथल्या स्पर्धा आयोगाचा एक साधा आदेश महत्त्वाचा वाटतो. कर्ज दिल्यापासून सात दिवस हा विमा विकायचा नाही, आणि एकरकमी प्रीमियम कर्जात मिळवायचा नाही. सात दिवस! पेन्सिलीच्या फुल्या आणि बिल्डरचा फोन यांच्या बाहेर येऊन माणसाला २७वं पान उघडायला तेवढे पुरतात.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४पासून कर्जाच्या मुख्य तथ्य विवरणात विम्याचा खर्चही वार्षिक दरात धरून दाखवायला लावला. चांगलं केलं. आपणही आरोग्य विम्यासाठी १ जानेवारी २०२४पासून ग्राहक माहितीपत्रक नव्या रूपात आणलंत, आणि ग्राहकाने मागितलं तर ते त्याच्या भाषेत द्यायला सांगितलंत. पण मागायचं असतं हे माहीत असलेला ग्राहक मला तरी भेटलेला नाही. आणि २०२२पासून बहुतेक सर्वसाधारण विम्याची उत्पादनं आधी बाजारात आणून मग आपल्याकडे नोंदवायची मुभा कंपन्यांना आहे. म्हणजे ‘नोकरी जाणे’ याचा अर्थ काय, हे ठरवण्याच्या खोलीत आता फक्त विकणाराच बसलेला असतो.

माझं मागणं मोठं नाही. सांगून घेतलेला राजीनामा हा नोकरी जाण्याच्या व्याख्येत धरायला लावा. तो ओळखणं अवघड नाही. राजीनाम्याच्या आधी आलेलं मीटिंगचं निमंत्रण असतं, नोटीस पिरियड न भरता दिलेला पगार असतो, त्याच आठवड्यात त्याच टीममधून गेलेले आणखी दहा राजीनामे असतात. वैयक्तिक कारणं एकाच सोमवारी दहा जणांना होत नाहीत. पुरावा ग्राहकाने द्यावा, खोटा निघाला तर दावा फेटाळावा. ते जमत नसेल, विमा कंपन्यांना हा धोका पेलवत नसेल, तर निदान ‘जॉब लॉस’ हे नाव काढून घ्या. ‘लेखी कपातपत्र मिळाल्यास तीन हप्ते’ असं म्हणा आणि टेबलावर तसंच सांगायला लावा, मराठीत, न मागता. बघू किती जण चारशे रुपये देतात ते. आणि या कव्हरचे आकडे वेगळे जाहीर करा: किती विकलं, किती दावे आले, किती दिले. आरोग्य आणि अपघाताच्या मोठ्या बेरजेत ते विरघळून जाऊ देऊ नका. २०४७पर्यंत सर्वांसाठी विमा, असं आपण म्हणता. सर्वांत मीही आहे.

पत्र खुलं आहे, तर माझ्यासारखे अजून डेस्कवर बसलेले जे वाचत असतील त्यांच्यासाठी दोन ओळी. कुजबुज सुरू झाल्यावर जॉब लॉस कव्हर शोधू नका, त्या वेळी घ्यायचा विमा वेगळा आहे. कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवसाबरोबर जातो, तुमचा, नवरा-बायकोचा, आणि असला तर आई-बाबांचाही. स्वतःची आरोग्य पॉलिसी घेताना तुमची कपात होणार का, हे कुणी विचारत नाही. आजार मात्र सगळे खरे लिहा. किंवा नोकरीत असतानाच त्याच विमा कंपनीकडे गटातून वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागा, झालेल्या प्रतीक्षाकाळाचं, म्हणजे काही आजारांचा दावा करण्याआधी थांबावं लागतं त्या काळाचं, श्रेय मिळतं. मी हे ऑगस्टमध्येच केलं, राखाडी बटणाच्या दुसऱ्या दिवशी. नोव्हेंबरमध्ये बाबांना तीन दिवस ॲडमिट करावं लागलं, तेव्हा नवऱ्याच्या क्लासच्या फीमधून बिल भरायची वेळ आली नाही, ती त्यामुळे. आणि चॅटमध्ये पेस्ट झालेल्या ओळींचा फोटो काढून ठेवा, मोबाइलवर. लॅपटॉप संध्याकाळी परत द्यावा लागतो.

तो फोटो माझ्याकडे आहे. विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यांना पाठवला होता, त्यांनी तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, म्हणून पुण्याच्या विमा लोकपालांकडे गेले. तिथे पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. मला मिळालं तर तीन हप्त्यांचे सव्वा लाखाच्या आत-बाहेर मिळतील. दर वाढत गेल्यापासून हप्ता ४१,००० आहे आणि दर महिन्याच्या पाच तारखेला जातो.

सोबत पॉलिसीचं २७वं पान, नामंजुरीचं पत्र, राजीनाम्याचा मेल आणि त्या फोटोची प्रत जोडली आहे. मेल आणि फोटो शेजारी शेजारी ठेवून वाचावेत, अशी विनंती आहे. दोन्हीत एक स्पेलिंग चुकलेलं आहे, तेच, त्याच जागी. सोळा वर्षं टेस्टिंग केलेल्या बाईने ते दुरुस्त न करताच पाठवलं.

आपली,
एक पॉलिसीधारक
पिंपळे सौदागर, पुणे